सहावा टाक

देव पाच होते, हे घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. जोतिबा, खंडोबा, भवानी, महादेव आणि घराण्याचा मूळपुरुष. बोटाच्या दोन पेरांएवढे पाच चांदीचे टाक, प्रत्येकावर एकेका देवाची प्रतिमा ठोकलेली, देव्हाऱ्यात एका ओळीत. सासू मनुबाई गेली, आणि सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नसतो, म्हणून बारा दिवस ते तसेच होते. तेराव्याच्या सकाळी थोरली सून शालूबाई, सासूशिवाय पहिल्यांदाच, त्यांना धुवायला काढायला गेली आणि पाटाखाली तिच्या हाताला सहावा टाक लागला. ती आधी स्वतःवरच चिडली. पाहुण्यांनी आणि चुलीच्या धुरानं डोकं फिरलंय झालं, असं म्हणून तिनं पुन्हा मोजले. सहाच.

तांबड्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. वर घोडेस्वार, डोक्याला पागोटं, हातात तलवार. असला टाक कुणाचा करतात हे शालूबाईला कुणी सांगायला नको होतं. लढाईत पडलेल्या माणसाचा. बाकीचे पाच दसऱ्यापासून काळवंडलेले आणि हा मात्र असा लखलखीत, की कालच सोनाराकडून आणलाय म्हणावं.

या घरातून लढाईला गेलेला माणूस एकच. धाकटा दीर लालासाहेब. बेचाळीस साली तो बेपत्ता झाल्याचं पलटणीचं पत्र आलं, लढाई संपून आता सहा महिने झाले, तरी दुसरं पत्र नाही. आणि त्याची बायको अंजना या घडीला मागच्या परड्यात हिरव्या बांगड्या वाजवत तांदूळ धूत होती.

"आवं, जरा हिकडं या," शालूबाईनं नवऱ्याला हाक मारली. "आन कुणाला बरुबर आणू नका."

बाळासो आला तो दोघांना घेऊनच आला. त्याचं ते नेहमीचंच होतं. आई गेल्यावर घरात थोरला पुरुष तो, पण साधा बैल बदलायचा झाला तरी चार माणसांना विचारल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडायचं नाही. मागून थोरली बहीण हरणाबाई आली आणि सांगलीच्या गूळपेठेत दिवाणजी असलेला मधला भाऊ, भाऊसो.

हरणाबाईनं टाक हातात घेतला आणि छातीशी धरला.

"माझा लाला," ती म्हणाली. "आयला ठावं हुतं रं. आय समदं जाणून हुती."

"आक्का, एकदम काय बी बोलू नगंस," भाऊसो म्हणाला. "पत्रात काय लिवलंय? बेपत्ता. मेला असं कुटं लिवलंय?"

"मग ह्यो काय हाय? आयनं खेळायला घोडा केला व्हय?"

"पर आयला सांगणार कोण?"

"का? गेल्या महिन्यात वाळव्याचा त्यो शिपाई आला न्हवता? पलटणीतनं सुटून आल्याला? आय त्येच्यासंगं चिंचंखाली एकलीच बोलत बसली हुती. बाळा, तूच सांगितलंस की मला."

बाळासोनं मान हलवली. खरं होतं ते. त्यानं आईला विचारलंही होतं, काय म्हणत हुता गं? "काय न्हाई, पाणी मागत हुता," एवढंच ती बोलली होती. पाणी प्यायला अर्धा तास लागतो का, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आलं.

"आज पानं वाढायच्या आधी लालाचं पान काढायचं," हरणाबाईनं डोळे पुसले. "चार वर्सं उपाशी हाय माझं लेकरू. ना पान ना पाणी. आयनं टाक केला आन देवात बसवायच्या आधीच गेली. ऱ्हायल्यालं काम आपण करायचं."

लालाला ती लेकरू म्हणायची ते उगाच नव्हे. आईची नऊ बाळंतपणं, त्यातली सात पोरं जगली, आणि शेवटचा लाला जन्मला तेव्हा हरणा बारा वर्षांची होती. लग्न होईपर्यंत तो तिच्याच कमरेवर होता.

"आन अंजनाचं काय?" शालूबाईनं हळूच विचारलं.

पान काढायचं म्हणजे लाला मेला असं धरायचं, आणि अंजनाचं कुंकू पुसायचं. ते न बोलताच सगळ्यांना कळत होतं.

"आय असं लपवंल?" बाळासो शेवटी पुटपुटला. "देवाधर्माच्या बाबतीत? आपली आय?"

त्याला तेच उमगत नव्हतं. पहिली भाकरी देवाची, गुऱ्हाळाचा पहिला गूळ जोतिबाचा, सोमवार-शनिवार अंगात ताप असला तरी उपास. पहाटे देव्हाऱ्यासमोर बसून ती साती पोरांची नावं घ्यायची. पोरं वाकळंत जागी राहून आपापलं नाव यायची वाट बघायची. नाव आलं की बिनघोर झोपायचं. सगळ्यांची नावं संपली की ती थोडा वेळ गप्प बसायची आणि मग जात्यावर जायची. अशी बाई एका मेलेल्या पोराला पाटाखाली ठेवून त्याच्याच बायकोच्या कपाळाला रोज कुंकू बघत राहील? आणि तसं नसेल, तर हा घोडा आला कुठून?

"मी आष्ट्याला जातो," भाऊसो उठला. "तात्या पोतदाराबिगर हे काम हितं आसपास कोण करतंय? त्यालाच धरून आणतो. कवा केला, कुणाचा केला, त्योच सांगंल. दोन कोसाची तर वाट. मी येईस्तवर कुणी एक अक्षर बोलायचं न्हाई. आक्का, तू सुदीक."

"मी कशाला बोलू?" हरणाबाई म्हणाली.

भाऊसोची सायकल वेशीबाहेर पडली. आणि या घरात बोलायचं नाही असं ठरलं, की ती गोष्ट पाव तासात विहिरीपर्यंत पोचायची.

*

परड्यात अंजना तांदूळ धूत होती आणि पायरीवर सासरा बसला होता. नाथाजी आबा. एके काळी ह्या माणसाच्या हाकेनं मोटेचे बैल थांबायचे. मनुबाई गेली त्या दिवसापासून त्याची मती उसवल्यासारखी झाली होती. सकाळी थोडाफार भानावर असायचा, ऊन चढलं की तेवढंही विसरायचा.

"मनू आली का गं नदीवरनं?"

"आत्ती गेल्या, मामा," अंजना म्हणाली. "बारा दिस झालं. आज तेरावं हाय."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू पडला. जणू पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यानं उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.

हे हरणाबाईनं आतून येता येता ऐकलं आणि ती भडकली. "कशापायी सांगतीस गं त्येला सारखं सारखं? नदीवर गेलीया म्हणावं. येतीया म्हणावं. त्येवढंच म्हाताऱ्याच्या जिवाला बरं."

"खोटं सांगून वाट बघायला लावू व्हय वन्सं?" अंजना हात थांबवून म्हणाली. "वाट बघणं काय असतंय ते मला इचारा. त्यापरीस एकदाचं कळल्यालं बरं."

झालं. एवढं वाक्य हरणाबाईला पुरलं. तिनं पदराखालचा टाक काढून अंजनाच्या ओल्या हातात ठेवला, तिच्या गळ्यात पडली आणि बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून मोकळी झाली.

अंजनानं टाक उलटासुलटा करून पाहिला. तिला रडू येईना. तिला आठवत होतं ते भलतंच. चार वर्षांत सासूनं एकदाही तिला म्हटलं नव्हतं, की येईल तो. शेजारणी म्हणायच्या, माहेरची म्हणायची, सगळं गाव म्हणायचं, येईल, देवावर भरवसा ठेव. एकट्या आत्ती कधी म्हणाल्या नाहीत. संक्रांतीला बांगड्या भरायला कासार आला, की स्वतः पुढं बसून अंजनाला हिरव्या बांगड्या भरायला लावायच्या आणि तोंड फिरवून आत निघून जायच्या. तेव्हा अंजनाला राग यायचा. ह्या बाईला पोराची काही पडलेलीच नाही, असं वाटायचं.

"आत्तींनी केलाय म्हंजी ठावंच असणार," ती म्हणाली. "आत्ती देवासंगं खोटं करायच्या न्हाईत."

"अगं, भाऊसो येऊ दे. सोनार काय म्हणतोय..."

"सोनाराला काय इचारायचं वन्सं?"

आणि हरणाबाई उठायच्या आत ती धुण्याच्या दगडाशी गेली. दोन्ही मनगटं एकदम दगडावर आपटली. हिरव्या काचा तांदळाच्या पाण्यात पडल्या. पदरानं कपाळ पुसलं, गळ्यातलं डोरलं काढून टाकाशेजारी ठेवलं. मनगटातून रक्त येत होतं तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

"अगं ये बया! थांब गं!" हरणाबाई ओरडली. आता ओरडून काय उपयोग? जे घडावं म्हणून ती सकाळपासून हट्ट धरून बसली होती, ते घडलेलं तिला बघवेना.

मग अंजना रडली. दगडाला टेकून, तोंड उघडं टाकून, लाजलज्जा सोडून रडली. चार वर्षांत ती अशी रडली नव्हती. सवाशीण बाईनं नवऱ्यासाठी असं रडायचं नसतं, अपशकुन असतो. घरभर बाया धावत आल्या. शालूबाईनं तिचे हात धुतले, त्यावर हळद दाबली, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं रडू थांबलं, तेव्हा अंजना भिंतीला टेकून इतकी शांत बसली, की शालूबाईला भीतीच वाटली.

"बरं वाटतंय का गं?"

"व्हय," अंजना म्हणाली. "लय दिसानं."

*

भावकीची माणसं अंगणात जमायला लागली होती. तेवढ्यात भाऊसोची सायकल दारात आली. मागच्या कॅरेजवर तात्या पोतदार, धोतर वर धरून, जीव मुठीत घेतलेला.

"तुमच्या भावानं मला खड्ड्याखड्ड्यातनं आणलंय," तो उतरता उतरता कुरकुरला. "परत जाताना बैलगाडी जोडा बाबांनो. कुठं आहे टाक?"

बाळासोनं टाक पुढं केला. अंजनाकडं भाऊसोची अजून नजर गेली नव्हती.

तात्यानं चष्मा लावला. टाक उन्हात धरला, अंगठा फिरवला, उलटा करून मागचं तांबं पाहिलं. मग हसला.

"हा नवा आहे म्हणून कोण म्हणालं?"

"दिसतंय की लख्ख," हरणाबाई म्हणाली.

"लख्ख आहे तो घासून घासून, हरणाबाई. नवा आहे म्हणून नव्हे. ह्या स्वाराचं नाक कुठं आहे दाखवा बघू? डोळे कुठं आहेत? घोड्याची आयाळ? सगळं झिजून गुळगुळीत झालंय. वर्षानुवर्षं रोज चिंच लावून कुणीतरी अंगठ्यानं चोळलाय. आणि हे मागचं बेलाचं पान बघा. ही माझ्या बापाची खूण. मी कधी घालत नाही. बाप गेला मानमोडीच्या साथीत. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला."

बाळासोनं बोटं मोजली. भाऊसोला मोजायचीही गरज नव्हती.

"अठ्ठावीस? आवं, तवा लाला जलमलाबी नव्हता."

"तेच म्हणतोय मी," तात्या म्हणाला. "कोण लाला?"

"मग ह्यो कुणाचा?" बाळासो एकदम ओरडला. "आमच्या घरात लढाईत कोण मेलंय? आज्जा पटकीनं गेला, चुलता सापानं. आमच्या देव्हाऱ्यात ह्यो स्वार आला कुठनं?"

गलका ऐकून म्हातारा परड्यातून उठून पुढं अंगणात आला होता. सोनाराच्या हातातला टाक त्यानं पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जोतीरामाला भाईर कशाला काढला रं?" तो म्हणाला. "मनू रागवंल की."



"कोण जोतीराम, आबा?" हरणाबाईनं विचारलं.

"कोण म्हंजी? तुमचा मामा. मेढ्याचा. मागल्या लढाईत बसऱ्याला गेला न्हाई का? कागुद आला नुसता, गडी आला न्हाई. घराला कुलूप पडलं तिकडं, दिवा लावायला माणूस ऱ्हायलं न्हाई." म्हातारा खालच्या आवाजात हसला. "चोरून ठिवलाय तिनं. पहाटंचं पोरांची नावं घिऊन झाली की पाटाखालनं काढती, घासती, परत ठिवती. तिला वाटतंय मला ठावं न्हाई. मी बी कशाला बोलू? भाऊ हाय तिचा."

शालूबाईला स्वतःचं लग्न आठवलं. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा तिनं माहेरच्या देवीचा टाक ओटीत आणला होता. सासूनं तो दुसऱ्याच दिवशी परत पाठवला होता. माहेरचे देव माहेरात. दोन घरचे देव एका पाटावर बसत न्हाईत. शालूबाई महिनाभर रडली होती आणि पुढं सोळा वर्षं तिनं सासूला मनातून माफ केलं नव्हतं. आणि पाटाखाली हे? तिला रागही येत होता आणि कधी नव्हे ती सासूची माया दाटून आली होती. दोन्हीतलं खरं कुठलं, तिचं तिला कळेना.

हरणाबाईला मामा आठवला. ती सात-आठ वर्षांची असेल, पलटणीच्या कपड्यातला एक उंच माणूस, आणि त्याच्या मागं मागं पोरीसारखी धावणारी आई. आईला धावताना तिनं तेवढं एकदाच पाहिलं होतं. पुढं आईनं त्या माणसाचं नाव काढलं नाही आणि पोरांनीही विचारलं नाही. आई कुणाची बहीण असेल, हे सात जणांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"म्हंजी लालाचं काय बी ठावं न्हाई," बाळासो म्हणाला. "त्या शिपायाचं बी आय नुसतं पाणीच म्हणाली. तसंच हाय समदं."

"मग काय सांगत हुतो मी!" भाऊसो म्हणाला आणि वळला. वळला तेव्हा त्याला परड्यातून येऊन भिंतीशी बसलेली अंजना दिसली. मोकळं कपाळ, हळदीनं माखलेली मनगटं. "आक्का... तू काय केलंस?"

हरणाबाईनं दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "माझी चूक झाली रं! जित्या भावाचं कुंकू पुसलं मी!"

"जित्या कशावरनं?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि अंगणात एकच गोंधळ झाला. एकदा पुसलेलं कुंकू परत लावायचं का? लावायचं तर कुठला विधी? तेराव्याच्या दिवशी चालतं का? बांगड्या आज भरायच्या की सव्वा महिन्यानं? न लावावं तर तो जिवंत असला, तर पाप. लावावं आणि तो नसला, तर तेही पाप. कुणी म्हणालं भटजीला विचारा, कुणी म्हणालं गुरवाला. बाळासो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

"भटजीला काय कळतंय ह्यातलं?" हरणाबाई हुंदका देत म्हणाली. "असलं समदं आपण आयलाच इचारत आलो न्हवं का?"



शालूबाई उठली. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन ती अंजनासमोर बसली.

"मी लावती," ती म्हणाली. "आत्तींनी दोन घरचं देव एका पाटावर बसवलं, देवानं त्यांस्नी काय केलं न्हाई. मला बी काय करायचं न्हाई. केलं तर करू दे. वर कर तोंड."

अंजनानं तोंड वर केलं नाही. सुटका झाल्याचा आनंद तिला व्हायला हवा होता, सगळी माणसं त्याचीच वाट बघत होती. ती करंड्याकडं बघत राहिली.

"जाऊबाई, दोन घटका मला ठावं हुतं," ती म्हणाली. "वाईट का हुईना, ठावं हुतं. रडून घेतलं मी. आता परत पयल्यापासनं?"

शालूबाईचं बोट करंड्यात तसंच राहिलं. बोटावरचं कुंकू सांडत होतं. शेवटी अंजनानंच तिचं मनगट धरलं आणि ते बोट आपल्या कपाळाला टेकवलं. डोरलं हरणाबाईनं बांधलं.

मग अंजना उठून म्हाताऱ्यापाशी गेली. सोनाराकडून तिनं टाक घेतला होता. नाक-डोळे झिजलेल्या त्या स्वारावरून तिनं अंगठा फिरवला. सासूच्या अंगठ्यानं पडलेला खळगा तिच्या अंगठ्याला बरोबर लागला.

"मामा, एक सांगा," ती खाली बसून म्हणाली. "कागुद आल्याव आत्तींनी लगीच टाक केला, का वाट बघितली? किती वर्सं बघितली?"

सगळं अंगण ऐकत होतं. ऊन पार डोक्यावर आलं होतं. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, टाकाकडं पाहिलं, आठवायचा खूप प्रयत्न केला.

"कुणाची?" तो म्हणाला.



म्हातारा दाराकडं बघायला लागला. "जेवायची येळ झाली. मनू आली का गं नदीवरनं?"

हरणाबाईनं अंजनाकडं पाहिलं. अंजनानं टाक खणात गुंडाळला, कमरेला खोचला आणि सासऱ्याच्या खांद्यावरचं घसरलेलं उपरणं नीट केलं.

"येत्याल, मामा," ती म्हणाली. "बसा. मी बी बसती तुमच्यासंगं."